कासव, कोळंबी आणि जिनिव्हाचा निवाडा

दोन कुळागरांच्या मेरेवरून तंटा झाला तर तो मामलेदाराच्या कचेरीत जातो, तेथून दिवाणी न्यायालयात जातो. वादी-प्रतिवादींची एक पिढी त्यात खपली, तरी शेवटी लागलेल्या निवाड्याची बजावणी करण्यास बेलीफ आहे आणि त्याच्या पाठीशी पोलीस आहे, एवढा भरवसा दोन्ही पक्षांना असतो. दोन राष्ट्रांत व्यापारावरून तंटा झाला म्हणजे मात्र हा भरवसाच नाहीसा होतो. तेथे बेलीफ नाही आणि पोलीस तर नाहीच नाही. उभय पक्ष सार्वभौम. आपल्यावर कोणी न्यायाधीश आहे हे मान्य करणे म्हणजे सार्वभौमत्वाचा एक तुकडा स्वखुशीने कापून देणे. मग असे तंटे मिटतात तरी कसे, की मिटतच नाहीत आणि ‘बळी तो कान पिळी’ हाच तेथला कायदा आहे? २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेली आणि आंध्रापासून कोकण-गोव्यापर्यंतचा कोळंबीचा व्यापारी हवालदिल झाला, तेव्हा हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर त्याच कोळंबीच्या एका जुन्या खटल्यात बरेचसे सापडते, म्हणून त्या खटल्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. दुसऱ्या महायुद्धानंतर २३ देशांनी मिळून जकाती व व्यापार यांविषयी एक सर्वसाधारण करार केला. ‘गॅट’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. १ जानेवारी १९४८ पासून तो अंमलात आला आणि नुकताच स्वतंत्र झालेला भारत त्याच्या मूळ सभासदांपैकी एक होता. या करारात तंटा सोडविण्याची सोय होती, नाही असे नाही. तज्ज्ञांचे पंचमंडळ बसे, अहवाल देई. पण तो अहवाल सर्वानुमते स्वीकारला गेला तरच बंधनकारक होई, आणि त्या ‘सर्वां’त हरलेला पक्षही असे! आरोपीची संमती असेल तरच शिक्षा, असा हा न्याय. तरीही तो जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे चालला, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि ही मेख उलटी ठोकण्यात आली. आता अहवाल नाकारण्यासाठी एकमत हवे. म्हणजे जिंकलेल्या पक्षानेही ‘मला माझा विजय नको’ असे म्हटले पाहिजे. असे कोण म्हणणार? त्यामुळे निवाडा आपोआप मंजूर होऊ लागला. तक्रार करणाऱ्या देशाने आधी दुसऱ्या देशाशी ६० दिवस वाटाघाटी कराव्यात. त्या फसल्या तर बहुधा तिघांचे पंचमंडळ नेमावे. त्याचा निर्णय मान्य नसेल तर सात सदस्यांच्या अपील मंडळाकडे जावे, त्यांतील तिघांनी कायद्याच्या मुद्द्यापुरते ऐकून ९० दिवसांच्या आत निर्णय द्यावा. हरलेल्या देशाला आपला कायदा सुधारण्यास वाजवी मुदत मिळते. तेवढ्यात सुधारणा झाली नाही, तर जिंकलेल्या देशाला तेवढ्याच नुकसानीपुरती जकात त्या देशाच्या मालावर बसविण्याची परवानगी मिळते. दंड नाही, तुरुंग नाही. केवळ परतफेडीचा परवाना. यापेक्षा अधिक काही सार्वभौम राष्ट्रांनी कबूल केले नसते आणि जे कबूल केले तेही थोडे नव्हते. गेल्या तीस वर्षांत सहाशेहून अधिक तक्रारी जिनिव्हाच्या सरोवराकाठच्या त्या कचेरीत दाखल झाल्या, हीच त्याची साक्ष.

आता कोळंबीकडे, किंवा आपल्या जिभेवरचा शब्द वापरायचा तर सुंगटांकडे वळू. समुद्रातली कोळंबी ट्रॉलर पकडतो तो तळाशी जाळे ओढीत नेऊन. ते जाळे तासन्‌तास पाण्याखाली असते आणि वाटेत येईल ते सारे पोटात घालते. कासव हा पाण्यात राहणारा, पण फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी. हवेसाठी त्याला वर यावेच लागते. जाळ्यात अडकले की ते गुदमरून मरते. यावर अमेरिकेत एक साधा उपाय निघाला. जाळ्याच्या गळ्यात तिरपी लोखंडी जाळीची चौकट बसवावयाची. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते आणि कासव गजांना अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. चौकट महाग नाही, बसविण्यास अवघड नाही. मच्छीमारांची तक्रार एवढीच की तिच्या वाटेने थोडी कोळंबीही निसटते.

आपल्या ट्रॉलरांवर ही चौकट सक्तीची केल्यावर अमेरिकेने १९८९ मध्ये एक कलम असे केले की, ज्या देशात कासवांच्या रक्षणाची अमेरिकेच्या तोडीची व्यवस्था नाही त्या देशाची समुद्रातली कोळंबी आपल्या बंदरात उतरू द्यावयाची नाही. आरंभी हे कलम कॅरिबियन समुद्र आणि पश्चिम अटलांटिक यांपुरतेच लागू होते. तेथील देशांना तयारीसाठी तीन वर्षे मिळाली, तंत्रसाह्य मिळाले आणि त्यांच्याशी बोलणी करून कासवांच्या रक्षणाचा करारही झाला. पुढे अमेरिकेतील एका पर्यावरणवादी संस्थेने तेथील न्यायालयात दावा लावला आणि १९९५ च्या अखेरीस न्यायालयाने हुकूम केला की हे कलम १ मे १९९६ पासून साऱ्या जगाला लागू करा. आम्हा आशियाई देशांच्या वाट्याला तयारीसाठी जेमतेम चार महिने आले.

ऑक्टोबर १९९६ मध्ये भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या चौघांनी जिनिव्हात अमेरिकेविरुद्ध तक्रार नोंदविली. भारत आणि पाकिस्तान एका बाजूला उभे राहून युक्तिवाद करीत आहेत, हे दृश्य एरवी विरळा. ते कोळंबीने घडवून आणले.

गॅटचे अकरावे कलम म्हणते की जकातीखेरीज अन्य मार्गाने आयातीवर बंदी घालू नये. विसावे कलम त्याला अपवाद देते. त्यांतला एक अपवाद ‘संपुष्टात येऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्ती’च्या रक्षणासाठी आहे. मात्र त्या साऱ्या अपवादांच्या माथ्यावर एक अट आहे, ती अशी की अपवादाच्या आडून देशादेशांत मनमानी किंवा असमर्थनीय भेदभाव करू नये. सारा खटला या दोन वाक्यांत सामावलेला होता.

आमच्या बाजूच्या वकिलांनी तेथे एक युक्तिवाद असा केला की, ‘संपुष्टात येऊ शकणारी संपत्ती’ म्हणजे खनिजे. प्राणी प्रजोत्पादन करतात, म्हणून ते संपत नाहीत. हा युक्तिवाद वाचताना कोणाही गोमंतकीयाला हसावे की रडावे ते कळणार नाही. खाणी कशा संपतात हे आपण डिचोली-सांग्यात पाहिले आहे, आणि कासवे कशी संपतात हे मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूवर. अपील मंडळाने तो युक्तिवाद मान्य केला नाही. १९४७ साली लिहिलेल्या शब्दांचा अर्थ आजच्या जगाच्या जाणिवेने लावला पाहिजे, सजीव सृष्टीही संपू शकते, आणि सागरी कासवांचे नाव तर आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच परिशिष्टात आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. आमच्या मते हा त्या निकालातील सर्वांत मोलाचा भाग होय, जरी तो आमच्या देशाच्या विरुद्ध गेला.

आणि तरीही अमेरिका हरली. आधी मे १९९८ मध्ये पंचमंडळाने तिच्या विरुद्ध अहवाल दिला होता. १२ ऑक्टोबर १९९८ रोजी अपील मंडळाने त्याची कारणे बदलली, पण निष्कर्ष कायम ठेवला. फिलिपिन्सचे फेलिसियानो त्या तिघांचे अध्यक्ष होते. उरुग्वेचे लाकार्ते-मुरो आणि अमेरिकेचे जेम्स बाकस हे त्यांचे सहकारी. अमेरिकेचा माणूस अमेरिकेविरुद्धच्या निकालावर सही करतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कासवांचे रक्षण हा हेतू रास्त, ते करण्याचा अधिकारही रास्त. परंतु तो वापरण्याची रीत भेदभावाची, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या देशांशी तुम्ही करार केलात, आशियाशी बोलणीही केली नाहीत. त्यांना तीन वर्षे, यांना चार महिने. शिवाय प्रत्येक देशाने हुबेहूब आपलाच कायदा उचलावा असा तुमचा आग्रह. इतकेच नव्हे, तर एखाद्या भारतीय ट्रॉलरने तुमचीच चौकट बसवून कोळंबी पकडली असली, तरी तिच्या देशाला तुमचे प्रमाणपत्र नाही एवढ्याचसाठी तुम्ही ती परत पाठविता! मग कासव वाचविणे हा हेतू राहिला कोठे? शेवटचा हा प्रश्न बिनतोड होता.

येथे एका वेगळ्या खटल्याची आठवण होते. गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्यांच्या मनात तो अद्याप ताजा आहे. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर, तेथे पोचण्यासाठी भारतीय भूमीतून वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल राष्ट्रसंघात दाखल झाला, १९ ला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला, आणि २२ ला भारतावर दावाही लावला. इतकी तत्परता सालाझारने वसाहतीतल्या रयतेच्या कोणत्याच अर्जावर कधी दाखविली नव्हती! १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने सांगितले की खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाट देण्याची प्रथा होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हती. आणि भारताने वाट अडविली ती आपल्या अधिकारात. म्हणजे माल जाऊ शकतो, बंदूक जाऊ शकत नाही. परसत्तेचा अनुभव घेतलेल्या लोकांना आंतरराष्ट्रीय कोर्टाविषयी जो संशय असतो तो आम्हालाही होता; पण दुबळ्याला नियमाचाच आधार असतो हेही तेव्हाच उमगले.

कोळंबीच्या निकालानंतर अमेरिकेला तेरा महिन्यांची मुदत मिळाली. तिने मूळ कायदा रद्द केला नाही, त्याखालची मार्गदर्शक सूत्रे तेवढी १९९९ मध्ये सुधारली. आता हुबेहूब तोच कायदा नको, तितकाच परिणामकारक कार्यक्रम चालेल. आणि चौकट वापरून पकडलेली कोळंबी खेपेनुसार तपासून घेतली जाईल. हिंदी महासागर आणि आग्नेय आशियातील देशांशी कासवांबाबत बोलणीही सुरू झाली आणि त्यातून झालेला सामंजस्य-करार २००१ मध्ये अंमलात आला. मलेशियाचे समाधान झाले नाही, ती पुन्हा जिनिव्हास गेली. २००१ मध्ये अपील मंडळाने या वेळी अमेरिकेचा पक्ष उचलून धरला: प्रामाणिकपणे बोलणी केलीत, पुरे आहे, करार झालाच पाहिजे अशी सक्ती नाही. भारत या दुसऱ्या फेरीत फिर्यादी नव्हता.

पुढे काय झाले? आपल्या देशात बहुतेकांनी ‘आपण अमेरिकेला हरविले’ एवढेच लक्षात ठेवले. निकालाचा दुसरा अर्धा भाग, कासव वाचविण्याचा कायदा करण्याचा परदेशाला अधिकार आहे हा, कोणी वाचला नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना मानवेल, कोळंबी कमी निसटेल अशी चौकट तयारही केली. संशोधकांनी आपले काम केले; धक्क्यावर ते पोचले नाही. परिणाम असा की २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी पुन्हा बंद केली, आणि या वेळी जिनिव्हात जाऊन सांगण्यासारखे आपल्याजवळ फारसे काही नव्हते. तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीला ही बंदी लागू नसल्यामुळे आणि आपली अमेरिकेकडील निर्यात मुख्यतः तिचीच असल्यामुळे दिल्लीत फार गवगवा झाला नाही. ज्याची तळी नाहीत, ज्याचे सारे दैव समुद्रावर आहे, त्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने मात्र दर उतरलेले पाहिले.

इतर खटल्यांतही आपले पारडे असेच वर-खाली होत राहिले आहे. युरोपने आपल्या चादरी-अभ्ऱ्यांवर बसविलेल्या जकातीविरुद्ध आपण जिंकलो. आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांच्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध हरलो आणि १ एप्रिल २००१ पर्यंत ते सारे उठवावे लागले. हरल्यावर आपण निवाडा पाळला, ही आपल्या सरकारची शोभाच. लहान देशांचे हाल याहून वाईट. एक लाख वस्तीच्या अँटिग्वाने इंटरनेटवरील जुगाराच्या प्रश्नावर अमेरिकेला हरविले. २००७ मध्ये लवादाने त्याला दरसाल २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत परतफेड करण्यास मुभा दिली. पण त्या बेटाने अमेरिकेचा कोणता माल अडवावा? तेथल्या बाजारात येणारा मालच बंद केला तर उपाशी कोण राहणार? तो अधिकार कागदावरच पडून राहिला.

एवढे उणेपण असूनही ही व्यवस्था चालत होती, ती खुद्द तिच्या मोठ्या शिल्पकारानेच मोडली. निवाडे आपल्याविरुद्ध जातात, मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जाते, अशा तक्रारी करीत अमेरिकेने अपील मंडळावरच्या नेमणुका अडविण्यास आरंभ केला. १० डिसेंबर २०१९ रोजी भारताचे उजलसिंग भाटिया आणि अमेरिकेचे टॉमस ग्रॅहॅम यांची मुदत संपली, एकच सदस्य उरला. पुढच्या वर्षी तोही निवृत्त झाला. तेव्हापासून अपिलाचे न्यायासन रिकामे आहे. खालच्या पंचमंडळात हरलेला देश अपील ठोकतो, अपील ऐकायला कोणी नसतो, आणि निवाडा तसाच हवेत लोंबकळत राहतो. १९४८ सालची ती हरलेल्याची संमती मागील दाराने पुन्हा घरात आली आहे.

आपणही या दाराने गेलो, हे लपविण्यात अर्थ नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या साखर-अनुदानांविरुद्ध लावलेल्या खटल्यात डिसेंबर २०२१ मध्ये निर्णय आपल्याविरुद्ध गेला. जानेवारी २०२२ मध्ये आपण त्या रिकाम्या आसनापुढे अपील केले. उसाच्या शेतकऱ्याला वाचवावे यात आम्हाला शंका नाही, कोल्हापूर-सांगलीचे अर्थकारण कशावर उभे आहे ते आम्ही जाणतो. पण उद्या अमेरिकेने आपल्याविरुद्ध हीच युक्ती केली तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार? युरोपीय संघ, चीन इत्यादींनी २०२० मध्ये आपापसांत तात्पुरत्या लवादाची सोय करून घेतली. भारत तिच्या बाहेर राहिला. याचा फेरविचार झाला पाहिजे असे आमचे मत आहे.

दरम्यान तंटे मिटण्याची जुनी रीत, म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून देवाणघेवाण करणे, पुन्हा पुढे आली आहे. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जकात बसविली. २०१९ मध्ये आपण बदाम, अक्रोड, सफरचंद अशा त्यांच्या मालावर जादा जकात लावून उत्तर दिले. दोन्ही बाजूंनी जिनिव्हात खटले पडले. जून २०२३ मध्ये असे सहा तंटे आणि सप्टेंबरमध्ये सातवा, पंचांविना, दोन्ही सरकारांनी सामोपचाराने निकालात काढले. सामोपचार वाईट असे कोण म्हणेल? पण टेबलाच्या एका बाजूला हत्ती बसला असेल तर दुसऱ्या बाजूच्या पाहुण्याने खुर्ची जपून घ्यावी. सामोपचार दोन वर्षेही टिकला नाही. २०२५ चा तो ५० टक्क्यांचा दणका याच दोन मित्रराष्ट्रांमधला होता.

राहता राहिला आपल्या किनाऱ्याचा भाग. ट्रॉलर आणि रांपणकार यांचा झगडा गोव्याने सत्तरीच्या दशकात पाहिला. त्याचे फळ म्हणून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचे पाणी ट्रॉलरना बंद करण्यात आले. ते पाणी आजही कितपत बंद आहे, हे कोणत्याही रांपणकारास विचारावे. त्याच उथळ पाण्यातून हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी अंडी घालण्यास मोरजीच्या, गालजीबागच्या वाळूवर येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे, म्हणजे वाघाला आहे तेवढेच संरक्षण तिला आहे. वनखाते घरट्यांना कुंपण घालते, राखणदार ठेवते. तिकडे वेळासला गावकरी पिल्ले समुद्रात सोडण्याचा उत्सव करतात. आणि अधूनमधून मेलेली मादी लाटांबरोबर किनाऱ्यास लागते, तिच्या अंगावर जखम नसते. ती कशाने मेली असावी, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असते.

१ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असतात आणि जाळी विणण्या-सांधण्याचे काम चाललेले असते. चौकट बसवावयाची तर त्यासाठी याहून सोयीचा काळ नाही. तिच्यामुळे निसटणाऱ्या कोळंबीची भरपाई पहिली दोन-तीन वर्षे सरकारने अनुदानातून द्यावी, डिझेलवर दिले जाते तसेच. ट्रॉलरमालकांचा विरोध अर्धा तेथेच मावळेल. मालिम, चापोरा, खारीवाडा आणि कुटबण येथील किती जाळ्यांत आज ही चौकट आहे, याचा धक्कावार आकडा मत्स्योद्योग खात्याने प्रसिद्ध करावा. तो शून्याच्या जवळ असला तरी चालेल. वॉशिंग्टनचे निरीक्षक येऊन तो मोजण्यापेक्षा पणजीच्या कचेरीने मोजलेला बरा. आणि १ ऑगस्टला ट्रॉलर मांडवी-साळमधून बाहेर पडण्यापूर्वी तो आमच्या हाती आला, तर या पानावर आम्ही तो छापू.